अमीबा चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून: रात्रभराच्या टाइम-लॅप्सची तयारी

संध्याकाळी टाइम-लॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणं, लावून घरी जावं आणि सकाळी येऊन पाहावं, तर पहिल्या वीस फोटोंत अमीबा आहे आणि पुढच्या दोन हजार फोटोंत नुसतं पाणी. मायक्रोस्कोपला मोबाइल लावून जिवंत पेशींचं चित्रण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. आमच्या प्रयोगशाळेत ते इतक्यांदा झालं की "सर, गेला जी तो!" हे वाक्य मला पाठ झालं आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्याकडे साधे विद्यार्थी-मायक्रोस्कोप आहेत, मोटरवर चालणारं स्टेज (स्लाइड ठेवायची पाटी) नाही, आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही. तरीही दहा-दहा तास एकच पेशी चौकटीत ठेवता येते. त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते: पेशीच्या मागे धावायचं नाही. तिला फिरायला जागाच अशी द्यायची की ती सगळी जागा फोटोत मावेल. आणि पेशी सोडून बाकी जे काही हलू शकतं, ते हलू द्यायचं नाही. खाली लिहिलेलं सगळं या दोन वाक्यांपोटीच आहे.

आधी वही-पेन घ्या

स्लाइड करण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा. ही पाच मिनिटं वाचवली की रात्र वाया जाते.

पहिला आकडा तुमच्या चौकटीचा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बहुधा 18 किंवा 20 असा फील्ड नंबर कोरलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाच्या, पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. 18 नंबरच्या आयपीसमधून 4 एक्सला 4.5 मिलिमीटर, 10 एक्सला 1.8 आणि 40 एक्सला 0.45 मिलिमीटर. पण मोबाइलचा फोटो आयताकृती असतो. 16:9 ची चौकट या वर्तुळात बसवली तर 4 एक्सला ती साधारण 3.9 बाय 2.2 मिलिमीटर भरते, 10 एक्सला 1.57 बाय 0.88. आपल्या कामाची बाजू नेहमी छोटी, कारण पेशी तिथूनच पळते.

दुसरा आकडा वेगाचा. मोठा अमीबा सेकंदाला साधारण 2 ते 4 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकतो. हिशेबासाठी 3 धरा. 10 एक्सला चौकटीच्या मध्यापासून छोट्या कडेपर्यंत 440 मायक्रॉन अंतर आहे. अमीबा नाकासमोर चालला तर अडीच मिनिटांत बाहेर. 4 एक्सला सहा मिनिटं. आणि आपण त्याला सोडून दहा तास झोपायला जाणार असतो! पॅरामिशियम या दुसऱ्या एकपेशीय जीवाची गोष्ट तर आणखी वेगळी. तो सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त पोहतो, म्हणजे 10 एक्सच्या चौकटीतून डोळ्याची पापणी लवेपर्यंत पार. उलट मोठ्या प्रयोगशाळांत काचेवर वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी तासाला जेमतेम काही दहा मायक्रॉन सरकतात, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी मिनिटाला 10 मायक्रॉनच्या आसपास. ज्याची पेशी जशी, तशी त्याची व्यवस्था. दुसऱ्याची सेटिंग उचलून आपल्याकडे चालत नाही.

यात एक दिलासा आहे. पेशी फार वेळ सरळ रेषेत चालत नाही, वळते, मागे फिरते. अशा भटकंतीत मूळ जागेपासूनचं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे चारपट वेळ चित्रण केलं तर पेशी साधारण दुप्पटच लांब जाते. पण हा सरासरीचा नियम आहे, तुमच्या समोरच्या एका अमीबाने तो त्या रात्री पाळलाच पाहिजे असं नाही. म्हणून मी भिंत घालतो.

तिसरा आकडा दोन फोटोंमधल्या अंतराचा. दोन फोटोंच्या दरम्यान पेशीने स्वतःच्या अर्ध्या लांबीपेक्षा जास्त सरकू नये, आणि जवळच्या दुसऱ्या पेशीपर्यंतच्या निम्म्या अंतरापेक्षाही जास्त सरकू नये. नाही तर मागच्या फोटोतला हाच का, हे डोळ्यालाही कळत नाही आणि संगणकालाही नाही. 400 मायक्रॉनचा अमीबा 15 सेकंदांत 45 मायक्रॉन जातो, म्हणजे 15 सेकंदांचं अंतर आरामात चालतं. दहा तासांचे 2400 फोटो होतात, आणि सेकंदाला 25 फोटोंनी चालवले तर 96 सेकंदांची फिल्म. पॅरामिशियमला हे लागू नाही. त्याचा मार्ग हवा असेल तर व्हिडिओच घ्या. त्याचं टाइम-लॅप्स फक्त मोजणीसाठी ठेवा: काल संध्याकाळी चार होते, सकाळी किती झाले.

पेशी कुठून आणायची

आमच्या झाडीपट्टीत याची ददात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, आणि शेतातल्या बोड्या (लहान तळी) गावोगावी आहेत. कमळाच्या किंवा शिंगाड्याच्या पानांची खालची बाजू बोटाने हलकेच खरवडून तो बुळबुळीत थर तलावाच्याच पाण्यात झटकायचा, तळाचं कुजलेलं पानही थोडं घ्यायचं. रुंद तोंडाच्या बाटलीत हे पाणी दोन दिवस न हलवता ठेवलं की तळाच्या गाळात अमीबा सापडू लागतात. पॅरामिशियमसाठी धानाचं तणस पाण्यात उकळून, गार करून त्यात तलावाचं थोडं पाणी टाकायचं. चार-सहा दिवसांत पृष्ठभागाजवळ ढग दिसतो.

बाटली गार जागी हवी. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो तेव्हा अमीबाचं कल्चर खोलीत टिकत नाही. तेव्हा बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत अर्धी पुरून ठेवायची. तरी रात्रभराचं चित्रण मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतो. 20 ते 25 अंशांत अमीबा नीट चालतो, खातो, विभागतो.

दोन मिलिमीटरचं अंगण

आता मुख्य काम. 4 एक्सला चौकटीची छोटी बाजू 2.2 मिलिमीटर आहे, म्हणून पेशीला 2 मिलिमीटर व्यासाचं गोल अंगण करून द्यायचं. संपूर्ण अंगण फोटोत दिसलं की पेशी बाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

साहित्य गावातच मिळतं: वायरिंगची काळी इन्सुलेशन टेप, चपला-बेल्टला भोक पाडायचा फिरता पंच, व्हॅसलिन, स्लाइड आणि कव्हरस्लिप. ऑफिसातला कागदाचा पंच चालणार नाही, त्याचं भोक 6 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि 4 एक्सच्या चौकटीतही मावत नाही. बेल्टच्या पंचावर 2 मिलिमीटरचं दात असतं.

टेपचे दोन तुकडे एकावर एक चिकटवा. दोन थरांची जाडी साधारण पाव मिलिमीटर होते. खाली ट्रेसिंग पेपर किंवा स्टिकरच्या मागचा गुळगुळीत कागद ठेवून पंच मारा, म्हणजे भोकाची कड फाटत नाही. मग कागद काढून टेप स्वच्छ स्लाइडच्या बरोबर मध्यावर चिकटवा आणि नखाने भोकाभोवती गोल घासून दाबा. ही दाबण्याची पायरी पोरं घाईत सोडतात. टेप आणि काच यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी अमीबा तिच्यात शिरतो. आपलं पूर्ण शरीर पातळ करून तो असा काही घुसतो की सकाळी रिकामं अंगण बघून कोणालाही वाटावं, हा विरघळला की काय.

गोंदाचा अंश निघावा म्हणून भोकात तलावाचं गाळलेलं पाणी भरा, काढा, पुन्हा भरा, असं चार-पाच वेळा करा. नवी टेप आणली की एक अमीबा तिच्या अंगणात रात्रभर ठेवून तो जगतो का, हे आधी तपासून घ्या.

आता आगकाडीच्या टोकाने भोकाभोवती, कडेपासून मिलिमीटरभर सोडून, व्हॅसलिनची बारीक कडी ओढा. बारीक ड्रॉपरने एकच अमीबा उचलून भोकात सोडा. सोबत त्याच्या खाण्यापुरते दोन-चार छोटे जीव आलेच तर असू द्या, पण गाळ आणि कुजलेला कचरा नको. त्यातले जिवाणू रात्रभरात ऑक्सिजन संपवतात. पाच-दहा मिनिटं हात लावू नका. अमीबा काचेला चिकटून पाय पसरू लागला की मगच कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळू खाली आणा, दुसऱ्या कडेला आलेलं पाणी टिपकागदाने टिपा आणि कव्हरस्लिपच्या चारही कडा व्हॅसलिनने बंद करा.

या अंगणात पाणी मावतं जेमतेम पाऊण मायक्रोलिटर, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. इतक्या पाण्यातला ऑक्सिजन एका रात्रीला कसाबसा पुरतो. म्हणून कडेला टाचणीच्या डोक्याहून लहान बुडबुडा राहिला तर तो काढू नका. हवेत ऑक्सिजन तेवढ्याच पाण्यातल्यापेक्षा तीसपट किंवा जास्त असतो. तो बुडबुडा पेशीची शिदोरी आहे.

कडा बंद करण्याविषयी थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या भागात खरी चोरी बाष्पीभवन करतं. साधी स्लाइड, त्यावर 22 मिलिमीटरची चौकोनी कव्हरस्लिप आणि 20 मायक्रोलिटर पाणी घेतलं तर पाण्याचा थर फक्त 40 मायक्रॉन जाड असतो. कोरड्या हवेत कडेने पाणी उडू लागतं, कव्हरस्लिप खाली बसत जाते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि त्या प्रवाहाबरोबर पेशी वाहते. बघणाऱ्याला वाटतं पेशी पळाली. पेशी कुठेच गेलेली नसते. तिच्या पायाखालचं पाणी गेलेलं असतं. हा फरक ओळखायची खूण अशी: चौकटीतले निर्जीव कण आणि पेशी एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकत असतील तर तो प्रवाह आहे. कण जागेवर आणि पेशीच सरकते, तर ती चालते आहे.

जे हलू नये ते

एका डिसेंबरच्या रात्री आम्ही 10 एक्स लावून चित्रण सुरू केलं. संध्याकाळी खोलीत 24 अंश होते. खिडकीची एक काच फुटलेली होती, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. पहाटे तिथे 12 अंश होते. सकाळी फोटो पाहिले तर रात्री साडेनऊपर्यंत सगळं लख्ख, मग हळूहळू धूसर, आणि अकरानंतर काहीच ओळखू येईना. अमीबा मात्र शेवटपर्यंत तिथेच होता, लेन्स वर घेताच सापडला. सहा जणांनी तीन दिवस केलेली तयारी त्या फुटक्या काचेतून गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण साधं आहे. धातू तापमानाबरोबर वाढतो-आकसतो. अ‍ॅल्युमिनियमची 10 सेंटिमीटरची पट्टी एका अंशाला सुमारे 2.3 मायक्रॉन बदलते, म्हणजे 12 अंशांना सुमारे 28 मायक्रॉन. आता लेन्सकडे पाहा: 10 एक्सला, न्यूमरिकल अ‍ॅपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं तो आकडा) 0.25 असताना, स्पष्ट दिसणारी खोली 9 मायक्रॉनच्या आसपास असते. 40 एक्सला जेमतेम दीड. आणि 4 एक्सला 50 च्या वर. 4 एक्स लावलं असतं तर ती रात्र वाचली असती. रात्रभराच्या कामाला मी 4 एक्सच धरतो यामागे हेही कारण आहे. मोबाइलच्या 1920 पिक्सेलच्या चौकटीत 4 एक्सला एक पिक्सेल सुमारे 2 मायक्रॉनचा पडतो, म्हणजे अमीबा 200 पिक्सेल लांब दिसतो. त्याच्या पायांची हालचाल, विभाजन, गिळणं हे सगळं त्यात कळतं.

मायक्रोस्कोप आणि दिवा चित्रणाआधी तासभर चालू ठेवा, म्हणजे दिव्याच्या उबेने जे काही सरकायचं ते आधीच सरकून जाईल. खोलीत पंखा नाही, कूलर नाही, खिडक्या बंद. मायक्रोस्कोपवर मोठं थर्माकोलचं खोकं उलटं ठेवा. माशांचा किंवा औषधांचा डबा मिळाला तर उत्तम. टेबल भिंतीला टेकलेलं नको, कारण शेजारच्या खोलीचं दार आपटलं की भिंत हादरते. जुन्या मायक्रोस्कोपला मान वाकवायची सोय असते, ती वाकवू नका. स्टेज आडवंच राहिलं पाहिजे, तिरप्या स्टेजवर स्लाइडही घसरते आणि पेशीही.

मोबाइलचं वजन आयपीसवर पडू देऊ नका. दोनशे ग्रॅमचा फोन नळीच्या टोकावर लटकला की मोठ्या स्क्रूचे दात हळूहळू सुटतात आणि फोकस खाली बसतो. आम्ही शेजारी लाकडी ठोकळे रचून फोनला खालून आधार देतो. काही मायक्रोस्कोपना मोठ्या स्क्रूच्या मुळाशी ताण वाढवायची कडी असते. ती थोडी आवळा. स्लाइडची क्लिप बसवल्यावर ती स्लाइडला एका बाजूने रेटते, म्हणून क्लिप लावून पंधरा मिनिटं थांबा आणि मगच चौकट जुळवा.

प्रकाश जितका कमी तितका चांगला. अमीबा झगझगीत उजेडापासून दूर सरकतो, म्हणजे दिवा वाढवून आपणच त्याला कडेला हाकलतो. कंडेन्सरचा, म्हणजे स्टेजखालच्या भिंगाचा, पडदा बऱ्यापैकी मिटवून घ्या; उजेड कमी होतो आणि पारदर्शक पेशीची कड उठून दिसते. दिव्यावर नारिंगी जिलेटिन पेपर लावला तर निळा प्रकाश गाळला जातो, तो पेशींना जास्त जाचतो. आरशाने सूर्यप्रकाश घेऊन रात्रीचं काम अर्थातच होत नाही, पण दिवसाही करू नका. ढग आला-गेला की प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा.

लाइन जाणार हे धरूनच चला. यूएसबीचा छोटा एलईडी दिवा पॉवर बँकेवर लावा. पण बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर आपोआप बंद होतात, आणि एकटा एलईडी तेवढी ओढत नाही. त्याच पॉवर बँकेवर मोबाइलही चार्जिंगला ठेवला की ती जागी राहते. एकदा दिवसा चार तास चालवून खात्री करा.

मोबाइलमध्ये ठरावीक अंतराने फोटो घेणारं अ‍ॅप, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक, एअरप्लेन मोड चालू, आणि किमान 8 जीबी जागा मोकळी. फोकस ऑटोवर राहिला तर प्रत्येक फोटोला कॅमेरा शोधाशोध करतो आणि चौकट श्वास घेतल्यासारखी लहान-मोठी होते. पहिली वीस मिनिटं स्वतः बसून पाहा. काळ्या टेपची गोल कड पडद्यावर जिथे होती तिथेच आहे ना? फोनच्या काचेवर मार्कर पेनने तिच्यावर एक बारीक ठिपका द्या. वीस मिनिटांनी कड ठिपक्यावरून सरकली असेल तर काहीतरी अजून सैल आहे. ते सापडेपर्यंत चित्रण सुरू करू नका.

अंगण चालत नाही तेव्हा

कधी कधी 10 किंवा 40 एक्सच हवं असतं. केंद्रक बघायचं आहे, जादा पाणी बाहेर टाकणारी आकुंचनशील रिक्तिका किती वेळाने भरते ते मोजायचं आहे. मग चौकट पेशीबरोबर न्यावी लागते, आणि हाताने नेताना शिस्त लागते.

स्क्रूने सरकणाऱ्या यांत्रिक स्टेजवर व्हर्नियर (बारीक मापपट्टी) असतो, तो 0.1 मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. पेशी चौकटीच्या मध्यापासून कडेकडे दोन-तृतीयांश अंतर गेली की स्टेज सरकवायचं. कडेला पोचेपर्यंत वाट पाहायची नाही. सरकवायचं ते फोटो घेतल्याच्या लगेच नंतर, म्हणजे पुढच्या फोटोपर्यंत सगळं स्थिरावतं. दर वेळी रजिस्टरमध्ये वेळ, फोटोचा क्रमांक, आडवं वाचन, उभं वाचन. स्क्रूत ढिलाई असते, म्हणून शेवटचा झटका नेहमी एकाच दिशेने द्या. उलट दिशेला जायचं असलं तरी थोडं पुढे जाऊन परत या. नाही तर व्हर्नियर सांगतो एक आणि स्टेज असतं दुसरीकडे. माझे विद्यार्थी तासातासाच्या पाळ्या लावतात: एक जण पडद्यावर, एक जण रजिस्टरवर. रात्री दोनच्या पाळीला बसलेली मुलगी "सर, गोल झाला, पाय आत घेतले!" म्हणत उठवायला आली, तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या क्षणांपैकी एक आहे. अमीबा विभागण्याआधी असाच गोळा होतो आणि काचेवरची पकड सैल करतो. नेमका त्याच वेळी तो जरा धक्क्यानेही निसटतो, म्हणून त्या अर्ध्या तासात स्टेजला शक्यतो हात लावायचा नाही.

पॅरामिशियमला हाताने पाठलाग जमत नाही. त्याच्या पाण्यात मिथाइल सेल्युलोज मिसळून पाणी घट्ट करतात, किंवा कापसाचे चार तंतू विसकटून ठेवतात. त्या जाळीत तो अडकून एका जागी घोटाळतो. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, पण तंतू मोजकेच घ्या, नाही तर जाळीच दिसते, पेशी नाही.

हेच पाठलागाचं काम यंत्र करू शकतं. हॉवर्ड बर्ग यांनी 1971 मध्ये पोहणाऱ्या जिवाणूमागे तिन्ही दिशांनी स्टेज आपोआप सरकवणारा मायक्रोस्कोप मांडला, आणि पुढच्याच वर्षी ई. कोलाय हा जिवाणू सरळ धावतो, मग गडबडतो आणि नवी दिशा घेतो, हे त्याच यंत्राने दाखवता आलं. आज थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा ओपनफ्लेक्शर मायक्रोस्कोप आहे, त्याला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि थोडं थोडं फिरणाऱ्या लहान स्टेपर मोटरी लागतात, आणि आराखडे सर्वांसाठी खुले आहेत. ज्या महाविद्यालयात एखादा संगणकाचा शिक्षक रस घेईल तिथे हे शक्य आहे. प्रोग्राम साधाच असावा: फोटो घ्या, रिकाम्या पार्श्वभूमीचा फोटो त्यातून वजा करा, उरलेल्या डागाचा मध्यबिंदू काढा. मध्यबिंदू चौकटीच्या मधल्या भागात असेल तर मोटर हलवू नका. बाहेर गेला तरच हलवा. सतत हलवलं की पाणी हिंदकळतं आणि पेशी बावरते. डाग एकदम लांब उडालेला दिसला तर तो बहुधा दुसराच जीव असतो, तिथे उडी मारू नका. आणि डाग सापडलाच नाही तर शेवटच्या जागेभोवती गोल गोल वाढत्या घेऱ्याने शोधा.

सकाळी

खोकं काढण्याआधी रात्रीचं तापमान, लाइन किती वाजता गेली-आली, हे रजिस्टरात लिहा. फोटो लगेच दुसऱ्या जागी कॉपी करा.

पेशीचा मार्ग काढायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फोटो एका रांगेत उघडा. स्टेज थोडं सरकलं असेल तर आधी चौकटी जुळवून घ्याव्या लागतात, पण जुळवणी टेपच्या कडेवर करा. पूर्ण फोटोवर केली तर सॉफ्टवेअर मोठ्या अमीबालाच स्थिर धरू पाहतं आणि अंगणच डोलायला लागतं. त्यानंतर फिजीतल्याच ट्रॅकमेट या माग काढणाऱ्या भागात पेशीचा अंदाजे व्यास आणि दोन फोटोंमधलं कमाल अंतर भरा. आपल्या हिशेबात 45 मायक्रॉन आलं होतं. मी दुप्पट, 90 ठेवतो. एखाद-दुसऱ्या फोटोत पेशी दिसली नाही तरी धागा तुटू नये म्हणून दोन फोटोंची फट चालेल असं सांगा. मग निघालेली रेघ मूळ फोटोंवर ठेवून डोळ्याने एकदा पूर्ण पाहा. जिथे रेघ एकाएकी उडी मारते तिथे फोटो थांबवा. तिथे बहुतेक वेळा दुसरा जीव जवळून गेलेला असतो, आणि तो दुवा हाताने तोडावा लागतो.

अमीबा जिवंत असेल तर कव्हरस्लिप उचलून, ड्रॉपरने तलावाचं पाणी सोडून त्याला परत बाटलीत पाठवा. टेप सोलून टाका, तीच पुन्हा वापरू नका. गोंदाच्या कडेला रात्रभरात फटी पडलेल्या असतात.